कापसासकट घर

आमच्याकडचे लोक यवतमाळला सहसा जात नाहीत. तसं कारणच पडत नाही. सोयरीक सातारा-सांगलीत होते, नोकरी पुण्यात लागते, देवाला जायचं तर वाटा दक्षिणेकडच्या. मी कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. यवतमाळ मला माहीत होतं ते वाचनकक्षातल्या वर्तमानपत्रांतून. त्या वर्षांत तिथल्या बातम्या एकाच प्रकारच्या येत. मथळ्यात गावाचं नाव तेवढं बदललेलं असे. संध्याकाळी अंकाची घडी घालून तो मी फडताळात ठेवत असे, आणि घरी जाताना त्यातलं काही माझ्याबरोबर येत नसे.

गेलो तो मुलीच्या जागी. मृण्मयी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. विद्यापीठांतल्या मुलांसाठी एक स्पर्धा जाहीर झाली होती. तिघांच्या संघाने यवतमाळला जायचं, नेमून दिलेलं खेड्यातलं घर मोजायचं आणि कॉम्प्युटरवर त्याचं हुबेहूब मॉडेल उभं करायचं. त्यांतून कापूसपट्ट्यासाठी आदर्श घराचा नमुना निवडला जाईल, असं पत्रकात लिहिलं होतं. मृण्मयीने आषाढात अर्ज पाठवला. नावं तीन होती, पहिलं तिचं, मग नेहाचं आणि आदित्यचं. पावसाळा संपायच्या आत ती गेली. कशाने, ते इथे लिहीत नाही.

दिवाळीनंतर नेहा आणि आदित्य घरी आले. चहा झाला. मग आदित्य म्हणाला, "काका, आम्ही जायचं म्हणतोय. तिचं निम्मं काम करून झालंय ओ."

निम्मं काम म्हणजे काय ते त्यांनी मला लॅपटॉप उघडून दाखवलं. वर्षभर ती सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांतून हिंडत असे, ते मला ठाऊक होतं. तिथली दारं, खिडक्या, कौलं, खुंट्या, कोनाडे मोजून तिने कॉम्प्युटरमध्ये काढून ठेवले होते. त्या प्रोग्रॅममध्ये अशा प्रत्येक वस्तूला नाव देता येतं. वस्तू हवी तिथे बसवायची, मापं बदलायची. नाव तेच राहतं. नेहाने एका दारावर बाण नेला. दाराच्या कडा निळ्या झाल्या आणि बाजूला अक्षरं उमटली: मृण्मयी-दार. मग मृण्मयी-खिडकी. मग मृण्मयी-कौल.

मी एवढंच म्हणालो, की जा, पण संघात तिचं नाव राहिलं पाहिजे. ती केलेल्या कामाची वाटेकरी आहे. ते दोघे म्हणाले, राहणारच की. तरी मी रजा काढली आणि बरोबर निघालो. डोळ्यांदेखत राहिलेलं बरं.

धामणगाव

गाडीने रात्र आणि दिवसाचा बराच भाग खाल्ला. अकोल्याच्या पुढे समोरच्या बाकावर एक गृहस्थ आले. त्यांनी पिशवीतून संत्री काढून न विचारता आम्हा तिघांच्या हातात एकेक ठेवली. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात, मग खायला देतात. इथे उलटं.

"पोट्टे तुमचे काय?" त्यांनी विचारलं.

"मुलीचे मित्र."

"मुलगी नाही आली?"

"नाही. ती गेली."

 त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "कायनं गेली जी?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आदित्यने भलताच विषय काढून त्यांना क्रिकेटवर नेलं. त्या माणसाचा राग मला आला नाही. चौकशी करणं हीच त्याची सभ्यता होती. पण पुढचे चार दिवस मला हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून ऐकायचा होता आणि दर वेळी मी खिडकी शोधणार होतो.

धामणगावला उतरून एसटी धरली. पौषाचे दिवस. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस अडकला होता. गाड्यांमधून उडालेला असेल, कुंपणाच्या काट्यांवर, तारांवर, डांबराच्या कडेलासुद्धा. आमच्याकडे या दिवसांत उसाच्या गाड्या असतात. ऊस तुटला की कारखान्याला जातो. भाव कमी मिळेल, उशिरा मिळेल, भांडण होईल, पण ऊस कुणी उशाला घेऊन झोपत नाही. हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता. मी नुसता तो पांढरा काठ बघत होतो. नेहाला तो आवडला. तिने फोटो काढला.

यवतमाळ

शहर उंचावर आहे आणि हवा कोरडी, चांगली. सकाळी बसस्टँडजवळ आम्ही पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तर्री ओतून देतात, त्यात हरभरे. आदित्यच्या डोळ्यांतून पाणी आलं. गाडीवाला म्हणाला, "पुण्याचे काय? पुण्याचे लोक असेच रडतात." आम्ही कराडचे आहोत हे सांगून उपयोग नव्हता. यवतमाळहून पाहिलं तर आमच्याकडचं सगळं पुणंच.

यजमान कॉलेज गावाबाहेर होतं. मांडव, फुगे, प्रवेशद्वारावर कापसाच्या बोंडांची कमान. बोंडं थर्मोकोलची होती. नोंदणीच्या टेबलाशी स्पर्धेचे समन्वयक बसले होते. मऊ बोलणारे, नीटनेटके प्राध्यापक. त्यांनी यादी पाहिली.

"तीन नावं आहेत. तिसरी व्यक्ती?"

नेहाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि उभे राहिले. "सर, फार वाईट झालं. कशामुळे?"

मी म्हणालो, "तिचं नाव राहू द्या. काम तिचं आहे."

"सर, भावना समजतात. पण नियमात तीन हजर व्यक्ती पाहिजेत. दोघांना बसवलं तर बाकीचे संघ हरकत घेतील. मी एक करतो, तुम्हाला आमच्याकडची एक विद्यार्थिनी देतो."

त्यांनी हाक मारली तशी एक मुलगी पुढे आली. उंच, सावळी, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. संघमित्रा. ढाणकीची, इथे वसतिगृहात राहणारी, स्थापत्यच्याच तिसऱ्या वर्षाची. कॉलेजच्या संघात तिची निवड झाली नव्हती, म्हणून ती स्वयंसेवक झाली होती. पाहुण्यांना पाणी द्यायचं काम होतं.

"मग चार नावं लिहा," आदित्य म्हणाला.

"तीनच बसतात," समन्वयक म्हणाले, आणि त्या मुलीकडे वळले. "तू नावाशिवाय करशील का मदत?"

 ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, मले उन्हाळ्यात नागपूरच्या हापिसात कामाले जायचं हाये. त्याईनं अशा स्पर्धेचं प्रमाणपत्र मागतलं. नाव नसन तं मी पाणीच देतो ना मग. थे काय वाईट हाये?"

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला ती त्या क्षणी आवडली नाही. समन्वयकांनी माझ्या होकाराची वाट पाहिली. तो आला नाही. त्यांनी पट्टी घेतली, मृण्मयीच्या नावावर सरळ रेघ ओढली आणि वरच्या जागेत संघमित्राचं नाव लिहिलं. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

बाहेर आल्यावर नेहा माझ्या शेजारून चालत होती. "काका, कागदावर नाही तर नाही. मॉडेलमध्ये आहे. तिची दारं, तिची कौलं आपण वापरणारच आहोत. कुणीही दाराला हात लावला की नाव येणार. ते कुणी खोडू शकत नाही."

मी तेवढं धरून ठेवलं.

बाभुळगावच्या आत

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसने सगळ्या संघांना बाभुळगावच्या आतल्या एका खेड्यात नेलं. आम्हाला मिळालं ते देवराव आणि कौसल्याबाई यांचं घर. मातीच्या भिंती, वर कवेलू. आमच्याकडच्या कौलापेक्षा लहान आणि हाताने वळलेली. दारात आम्हाला पाहून देवराव खाटेवरून उठले. साठीचा माणूस, अंगाने काटक.

"सर्वेवाले काय?"

"नाही, स्पर्धेतली मुलं आहेत. घर मोजणार आहेत."

"मोजा ना. पण आदीच सांगतो, आमच्या घरी कोणी मेलं नाही. मागच्या वेळची मॅडम पेन उघडून बसली, पहिलाच प्रश्न, घरात आत्महत्या झाली काय? म्हटलं नाही. पेन बंद. तिले उन्हात येनं झालं फुकट. मलेच वाईट वाटलं."

"बस करा नं," कौसल्याबाई आतून म्हणाल्या. "पाहुन्याईले पानी तं देऊ द्या."

त्या तांब्या घेऊन आल्या. संघमित्राला त्यांनी विचारलं, "तू कोनाची वं, बाई?" तिने नाव सांगितलं, ढाणकी सांगितली. संघमित्रा हे नाव ऐकल्यावर आणखी काही विचारायचं राहत नाही. कौसल्याबाईंचा हात जरासा थांबला, मग तांब्या पुढे आला. संघमित्राने ते थांबणं पाहिलं, पाणी प्याली आणि टेपचं टोक धरून कामाला लागली.

मापं घेताना घोटाळा झाला. घराची बाहेरून लांबी एक येत होती आणि आतल्या खोल्यांची बेरीज बरीच कमी. आदित्यने दोनदा मोजलं. मग तो म्हणाला, "मागची भिंत जाड असणार. मातीच्या घरात असतात अशा. उन्हाळ्यासाठी."

संघमित्रा हसायला लागली. "भित नाही थे. कापूस हाये."

मागच्या खोलीच्या तोंडाला बांबूचा तट्टा लावून तो शेणाने लिंपला होता. पहिल्या नजरेला भिंतच वाटावी. देवरावांनी वरची फट दाखवली. मी आत पाहिलं. जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस. वेचणी झाल्यापासून तिथेच होता. खरेदी केंद्र उघडायची तारीख पुढे पुढे जात होती, व्यापारी दारात येऊन जो भाव बोलत होता तो देवरावांना सोसत नव्हता. म्हणून खोली गेली होती कापसाला. दुसऱ्या खोलीतही कापूस होता, तिथे तट्टासुद्धा नव्हता. गादीसारखा पसरलेला, त्यावर ट्रंका आणि पेटी ठेवलेली. घरची माणसं ओसरीत झोपत होती.

"थंडीत?" नेहाने विचारलं.

"आत झोपलं तं खाज सुटते ना," कौसल्याबाई म्हणाल्या आणि हात पुढे केले. कोपरापर्यंत बारीक लाल पुरळ. "कापसात किडा होते. दिसत नाही. पन चावते." त्या बोलताना हात खाजवत होत्या. खाजवतोय हे त्यांच्या लक्षात नसावं.

चूल अंगणात होती. तीन बाजूंना मातीचा आडोसा, वर पत्र्याचा तुकडा. नेहाने तो आडोसा मोजायला घेतला आणि कौतुकाने म्हणाली, "बाहेरचं स्वयंपाकघर. काय छान आहे."

"छान कायचं, पोरी?" कौसल्याबाई म्हणाल्या. "कापूस घरात आला का चूल बाहीर जाते. एक ठिनगी उडाली तं काय राहीन? कापूस गेला का चूल आत. पाऊस आला तं मी ह्या पत्र्याखाली, पीठ भिजते, मी भिजतो."

"आन मी ओसरीत बसून पाह्यतो," देवराव म्हणाले. "थे मजा वेगळीच."

"हो, तुमची मजाच हाये."

दुपारी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकर, हिरव्या तुरीच्या दाण्यांची भाजी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यावर कच्चं तेल. आमच्याकडे भरितात शेंगदाण्याचं कूट पडतं. इथे वांगं आणि मिरची एवढंच, आणि चव अधिक खरी. जेवताना कौसल्याबाईंनी माझ्या पानात भाकर वाढली आणि विचारलं, "घरी कोन कोन हाये?"

"मी आणि बायको," मी म्हणालो.

त्यांनी मुलांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "अजून घ्या," म्हणाल्या.

शेजारच्या घरात एका मोठ्या शहरातला संघ मोजणी करत होता. त्यांच्याकडे लाल ठिपका टाकून अंतर सांगणारं यंत्र होतं. संघमित्रा कुंपणापाशी जाऊन त्यांना काहीतरी सांगून आली. परत आल्यावर मी विचारलं.

"त्याईच्याही घरात मागं कापूसच हाये. म्हटलं, भित नोका समजू. तं म्हणे, आमच्या मशीननं मोजलं." तिने खांदे उडवले. "मशीन खोटं बोलत नाही म्हणे. मी कुठं म्हटलं खोटं बोलते? तट्ट्यालेच लागला ठिपका, तं मशीन काय करन?"

प्रयोगशाळेत

मॉडेल उभं करायला कॉलेजची कॉम्प्युटरची प्रयोगशाळा दिली होती. मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. घर हळूहळू उभं राहत होतं, आणि त्यात मृण्मयीचं एकेक काम बसत होतं. तिची दारं लहान करून देवरावांच्या चौकटीत बसली. तिचं कौल नेहाने बारीक केलं, वळण बदललं, आणि त्याचं कवेलू झालं. छपरावर शेकड्यांनी पसरलं. मी मधून मधून उठून जात असे. नेहा न विचारता बाण दारावर नेई. अक्षरं उमटत. मी परत खुर्चीत येत असे.

घर झालं. आदित्यने ते चारी बाजूंनी फिरवून दाखवलं. स्वच्छ, रिकामं, प्रकाशाने भरलेलं.

"कापूस?" संघमित्राने विचारलं.

"सामान कुणी काढत नाही," आदित्य म्हणाला. "घर काढायचंय आपल्याला."

"मंग चूल आत घे."

"चूल बाहेर आहे ना पण."

"काहून बाहेर हाये? कापूस नाही तं चूल बाहेर कायले? खाटा ओसरीत कायले? तुम्ही कापूस काढून घेतला तं हे घर म्हणजे येड्या लोकाईचं घर दिसते. दोन खोल्या रिकाम्या अन् मानसं थंडीत बाहेर."

आदित्यने तोडगा काढला. "बरं, एक पांढरा ठोकळा ठेवू."

"ठोकळा ठेवला तं फ्रीज वाटते."

नेहा हसली. मलाही हसू आलं, आणि आल्याचं नवल वाटलं. पुष्कळ दिवसांत आलं नव्हतं. मग संघमित्रा खुर्ची ओढून बसली आणि कापूस काढू लागली. ढीग कसा कलतो, भिंतीला लागतो तिथे कसा चढतो, पेटीच्या भाराने कुठे दबतो. पूर्ण दिवस ती त्यातच होती. तिचं काम पाहताना मला आठवलं, की मृण्मयी लहानपणी खोलीचं चित्र काढायची तेव्हा आधी त्यातल्या वस्तू काढायची आणि भिंती नंतर, वस्तूंभोवती. मी ते कुणाला सांगितलं नाही.

फाईल द्यायच्या दिवशी दुपारी अडचण आली. फाईल जड झाली होती. नियमात मर्यादा होती आणि आमची त्याच्या कितीतरी वर.

"कापूस हलका असतो म्हणे," आदित्य म्हणाला. त्याचा आवाज विनोदाचा नव्हता.

कापसाचा प्रत्येक उंचवटा हा एक वेगळा पृष्ठभाग होता. तो काढून टाकला तर फाईल सहज बसत होती. दुसरा उपाय संघमित्राला ठाऊक होता. सगळी दारं, खिडक्या, कवेलू मोडून एकच कवच करायचं, न दिसणाऱ्या आतल्या बाजू पुसायच्या. मग वजन निम्म्याहून खाली येतं.

"मग कर की," आदित्य म्हणाला.

 नेहाने हळूच सांगितलं, "सुटे भाग राहत नाहीत मग. नावं जातात."

संघमित्राने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. दारांवर कुणाचं नाव आहे ते तिने दोन दिवस पाहिलं होतं. "राहू द्या," ती म्हणाली. "कापूस काढतो मी. माहं काही नाही, एका दिवसाचं तं काम."

"काका, तुम्ही सांगा," नेहा म्हणाली.

तिघेही माझ्याकडे पाहत होते. बाजूच्या टेबलांवरचे संघ फाईल देऊन चहाला गेले होते. मला कौसल्याबाईंचे हात दिसत होते, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला काहीच दिसत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "कापूस ठेवा. तो काढला तर घर चुकेल."

संघमित्राने काम सुरू केलं. पडद्यावर घर थोडा वेळ गोठल्यासारखं झालं, मग परत हललं. तसंच दिसत होतं. मी जवळ गेलो आणि पहिल्यांदाच स्वतः बाण दारावर नेला. दाराऐवजी सगळं घर निळं झालं, छपरासकट, कापसासकट. बाजूची जागा कोरी होती.

निकाल

परीक्षक मुंबईहून आले होते. शेजारच्या घराच्या मॉडेलपाशी ते बराच वेळ उभे होते. त्यात मागची भिंत चांगलीच जाड होती आणि चूल अंगणात, सुबक आडोशासह. एक परीक्षक म्हणाले, की जाड भिंत आणि बाहेरचं स्वयंपाकघर हे इथल्या उन्हाळ्याला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधलेलं उत्तर आहे, आणि या मुलांनी ते नेमकं टिपलं. मुलं मान डोलावत होती.

आमच्यापाशी ते आले. "हे काय आहे? बर्फ?"

"कापूस हाये, सर," संघमित्रा म्हणाली.

"सामान काढलं असतं तर वास्तू दिसली असती."

"सर, हा हाये म्हणून चूल बाहेर हाये, खाटा बाहेर हायेत. हा पाह्यला तं बाकीचं समजते."

"निरीक्षण छान आहे," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

पहिलं बक्षीस जाड भिंतीला मिळालं. आदर्श घराचा नमुना त्यावरूनच होणार असं जाहीर झालं. चूल अंगणात ठेवून. आम्हाला काही नव्हतं, आणि तेवढ्यावर सगळं संपलं असतं तर मी मुकाट घरी आलो असतो.

पण शेवटी समन्वयक पुन्हा माईकपाशी आले. त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. एका बापाने मुलीचं स्वप्न पूर्ण करण्यासाठी किती लांबून प्रवास केला, ते सांगितलं. अकाली, उमलती कळी असे शब्द आले. मांडव स्तब्ध उभा राहिला. मग मला वर बोलावून प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर कै. कु. लावून तिचं पूर्ण नाव कोरलं होतं. यादीत न बसलेलं नाव इथे चांगलं ठसठशीत बसलं होतं. काम केलेली म्हणून तिला जागा नव्हती. मेलेली म्हणून होती. छायाचित्रकाराने मला चिन्ह जरा वर धरायला सांगितलं. मी धरलं.

खाली उतरल्यावर एक वार्ताहर आला. "सर, शेती किती तुमची?"

"शेती नाही. मी ग्रंथपाल आहे."

"थोडीशीही नाही?" त्याच्या चेहऱ्यावर खरीच निराशा होती.

संघमित्राला प्रमाणपत्र मिळालं. ते तिने दोनदा वाचलं, ओढणीत नीट गुंडाळलं आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली.  मी म्हणालो, "नागपूरला जा." तिने मान हलवली आणि पाहुण्यांच्या पाण्याचे रिकामे पेले उचलायला गेली. तेही काम तिच्याकडेच होतं अजून.

घरमालकांना शाल-नारळ द्यायला कॉलेजने बसने आणलं होतं. मांडव रिकामा होत असताना कौसल्याबाई आमच्या टेबलापाशी आल्या. खांद्यावर शाल, हातात नारळ. नेहाने त्यांना घर फिरवून दाखवलं. त्यांनी ओसरी ओळखली, पेटी ओळखली. कापसापाशी त्यांनी बोट नेलं, पण पडद्याला लावलं नाही. मग माझ्या हातातली काच त्यांना दिसली.

"हे तुमच्या पोरीचं?"

"हो."

"तिनं काय काढलं यातलं?"

मी दारं दाखवली, खिडक्या दाखवल्या, कवेलू दाखवलं. त्यांनी एकेक नीट पाहिलं. म्हणाल्या, "चांगली होती. हात साफ होता. अन् नाव कुठं हाये तिचं?"

"होतं," मी म्हणालो. "कापूस बसेना म्हणून काढावं लागलं."

त्यांनी पदराने हात खाजवला.  मग म्हणाल्या, "कापूस तं देऊन टाकला आम्ही. काल आला होता व्यापारी. आता चूल आत घेतली."

काय भावाने दिला ते मी विचारलं नाही. माझी मुलगी कशाने गेली ते त्यांनी विचारलं नाही. बसचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी नारळ माझ्या हातात ठेवला आणि शाल सावरत देवरावांच्या मागून गेल्या.